पुढच्या चाकांचा विचार आधी

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : मी मिशिगन राज्यातील नोव्हाय येथे राहतो आणि व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता आहे. गेल्या ऑक्टोबरात मी 1969 सालची डॉज चार्जर आर/टी (चार्जर गाडीची अधिक ताकदीची आवृत्ती) विकत घेतली. इंजिन 440 घनइंचांचे ‘मॅग्नम’, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, स्टिअरिंग पॉवरचे आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. सध्या गाडीवर 15 × 7 इंचांची नवी, पण जुन्या मॅग्नम धाटणीची चाके असून पुढे 215/65आर15 आणि मागे 295/50आर15 मापाचे टायर आहेत. टायरांची नक्षी नव्यासारखी खोल आहे. तरीही महामार्गावर गाडी तरंगल्यासारखी वाटते, खड्ड्यातून गेल्यावर मागच्या उजव्या बाजूने घासल्याचा आवाज येतो, आणि एकदा भर पावसात ब्रेक दाबल्यावर पुढची चाके धरून बसली आणि गाडी सरळ घसरत गेली. टायर बदलावेत असे ठरवले आहे. पण मुलगा 18 इंची चाकांचा आग्रह धरतो, जुन्या गाड्यांचे जाणकार असलेले एक परिचित 14 इंची मूळ टायरच बसवा म्हणतात, आणि शेजारी ड्रॅग रेडियल, म्हणजे सरळ शर्यतीसाठीचे मऊ टायर, सुचवतो. गाडी मे ते ऑक्टोबर एवढीच बाहेर निघते, वर्षाला दोनेक हजार मैल चालते. ऑगस्टात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरची जुन्या गाड्यांची फेरी आणि सप्टेंबरात मंडळाचा गणपती हे तिचे मोठे प्रवास. मागच्या सीटवर दोन मुले असतात. मी कोणते टायर घ्यावेत?

सप्रेम नमस्कार,

आपल्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत आधी हवी होती. आपण नक्षीची खोली लिहिली, टायरांचे वय लिहिले नाही. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा एक सांकेतिक क्रमांक असतो; त्याचे शेवटचे चार अंक म्हणजे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष. 3108 असे असेल तर टायर 2008 सालच्या एकतिसाव्या आठवड्यात तयार झाला. शेवटी तीनच अंक दिसले तर तो टायर 2000 सालापूर्वीचा आहे, आणि मग त्यावर आणखी चर्चा करण्याचे कारण उरत नाही. पूर्ण क्रमांक बहुधा टायरच्या एकाच बाजूला छापलेला असतो. पांढरी अक्षरे बाहेर दिसावीत म्हणून टायर ज्या बाजूने बसवतात, नेमकी त्याच्या उलट बाजू गाडीखाली लपलेली असते. त्यामुळे हा आकडा वाचण्यासाठी आपल्याला बॅटरी घेऊन गाडीखाली शिरावे लागेल, अंगावरचे कपडे जुने असू द्यावेत.

आपल्यासारख्या गाड्यांचे टायर झिजून मरत नाहीत, ते म्हातारे होऊन मरतात. रोजच्या वापरातल्या गाडीचा टायर चार-पाच वर्षांत गोटा होतो आणि मालक नाइलाजाने बदलतो. मसल कार, म्हणजे त्या काळची मोठ्या इंजिनाची ताकदवान अमेरिकी गाडी, मात्र वर्षातले सहा महिने झाकून ठेवलेली असते, म्हणून पंधरा वर्षांनंतरही खाचा खोल दिसतात आणि विकणारा मोठ्या अभिमानाने त्या दाखवतो. रबर हवेतील प्राणवायूने आणि उन्हाने आतून कडक होत जाते, पोलादी पट्ट्यांना चिकटलेला थर सुटू लागतो, आणि याची बाहेरून बहुधा काही खूण दिसत नाही. काही वाहन उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात. मिशलँ आणि कॉन्टिनेंटल या कंपन्या दहा वर्षे ही कमाल मर्यादा मानतात, मग नक्षी कितीही शिल्लक असो. मी स्वतः हा धडा फुकट शिकलेलो नाही. एका जुन्या गाडीसोबत आलेले तेरा वर्षांचे टायर मी ‘हा एक उन्हाळा काढू’ म्हणून चालवले. ताशी 65 मैल वेगात मागच्या टायरची वरची साल सोलून निघाली आणि तिने आतून मडगार्डचा पत्रा असा बडवला, की दुरुस्तीचा खर्च टायरांच्या चार संचांइतका आला. कोणाला इजा झाली नाही, हा केवळ नशिबाचा भाग होता. पावसात कडक रबर ओल्या डांबराला धरत नाही. आपली पुढची चाके घसरली त्यामागे वयाचा वाटा असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

दुसरे कारण मात्र वाचायला गाडीखाली जाण्याची गरज नाही, ते आपण लिहिलेल्या मापांतच आहे. अशा मापात पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा रुंदीच्या टक्केवारीत भिंतीची उंची, आर म्हणजे रेडियल आणि शेवटचा रिमचा इंचांतला व्यास. 295/50आर15 हा टायर किमान 8 इंच रुंदीच्या रिमसाठी बनवलेला असतो, आपली रिम 7 इंचांची आहे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत आवळल्या जातात, मधला भाग फुगतो, आणि बाहेरून जितका रुंद टायर दिसतो तितका तो रस्त्याला टेकतच नाही. वळणावर त्याच्या भिंती डुलतात. आपल्याला जे तरंगल्यासारखे वाटते त्यातला मोठा भाग हाच. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवणारा लोहार आधी चाकाचा घेर मोजत असे आणि मग धाव वाकवत असे. आपल्या गाडीच्या आधीच्या मालकाने धाव आधी आणली आणि चाकाला तिच्यात कोंबले.

पुढे त्याने उलटी चूक केली. 440 मॅग्नम हे संपूर्ण ओतीव लोखंडाचे मोठे इंजिन आहे, गाडीचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भार पुढच्या चाकांवर असतो. ब्रेक लावला की हा भार आणखी पुढे झुकतो. गाडी वळवायचे काम पुढच्या चाकांचे, थांबवायच्या कामातला मोठा हिस्साही त्यांचाच, आणि रस्त्याला टेकलेली त्यांची जागा प्रत्येकी जेमतेम तळहाताएवढी. अशा चाकांना 215 रुंदीचे टायर आणि मागे मात्र दिमाखासाठी 295! मसल कारवाल्यांची नजर नेहमी मागच्या टायरांवर खिळलेली असते, कारण 375 अश्वशक्ती तिथून जमिनीवर उतरते आणि फोटोही तिथलेच छान येतात. पण अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबल्यामुळे मागची चाके घसरली तर पाय उचलून बहुतेक वेळा गाडी सावरता येते. पुढची घसरली तर स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते, हे आपण त्या पावसात अनुभवले आहे. म्हणून माझा सगळा सल्ला एका क्रमावर उभा आहे : आधी पुढचे टायर ठरवायचे, मागचे त्यांच्याशी जुळवून घ्यायचे.

ही मागे रुंद, पुढे अरुंद पद्धत कुठून आली हे थोडे सांगतो. पाव मैलाच्या सरळ शर्यतीत गाडीला वळायचे नसते, म्हणून तिथे पुढे अरुंद आणि हलके, मागे रुंद आणि मऊ टायर लावतात. तोच थाट पुढे रस्त्यावर आला. कारखान्यातून मात्र या गाड्या चारही चाकांना एकाच मापाचे टायर लावून बाहेर पडत. 1964 च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओला लाल रेघेचे 7.50-14 मापाचे टायर होते. आपल्या चार्जर आर/टीला एफ70-14 हे माप होते. यातील एफ हे अक्षर टायरचा आकार व भार वाहण्याची क्षमता दाखवते, 70 म्हणजे रुंदीच्या तुलनेत टायरच्या भिंतीची टक्केवारीतली उंची आणि 14 म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. पुढे-मागे वेगळ्या मापांचे टायर कारखान्यातूनच देणारी पहिली अमेरिकी गाडी म्हणून 1970 च्या डॉज चॅलेंजर टी/ए आणि तिच्या प्लिमथ भावंडाचे नाव घेतात. त्यांना पुढे ई60-15 आणि मागे जी60-15 टायर होते. पण तिथेही पुढचा टायर काटकुळा नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्या तीन सल्लागारांकडे वळतो.

परिचित गृहस्थ जे सुचवतात, त्याला गाडीच्या इतिहासाचा आधार आहे. एफ70-14 मापाचे जुन्या रूपाचे टायर आजही नव्याने तयार होतात, आणि जिथे परीक्षक हातात वही घेऊन प्रत्येक खिळा मूळचा आहे का हे तपासतात, अशा प्रदर्शनांसाठी ते योग्यच आहेत. मात्र त्यांची घडण जुनीच आहे. त्या काळच्या टायरमध्ये कापडाचे थर एकमेकांना तिरके छेदत जात; 1967 च्या सुमारास गुडइयरने आणलेल्या पॉलीग्लास टायरमध्ये या तिरक्या थरांवर काचतंतूंचे पट्टे आले आणि नक्षी जरा स्थिर झाली, पण मूळ रचना बदलली नाही. रेडियल टायरमध्ये थर आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर पोलादी पट्टे असतात, त्यामुळे भिंत लवचिक आणि तळवा ताठ राहतो. मिशलँने त्याचे पेटंट 1946 मध्ये घेतले, तरी अमेरिकेत तो रुळायला 1970 चे दशक उजाडावे लागले. तिरक्या थरांचा टायर रस्त्यावरील लांबट खाचांमागे आपणहून धावतो. मिशिगनच्या काँक्रीटच्या महामार्गांवर ताशी 70 मैलांनी जाताना चालकाला सतत स्टिअरिंग सावरत राहावे लागते, आणि ते काम मुले मागे बसलेली असताना करण्यात काही मौज नाही. जुने रूप हवेच असेल तर बाहेरून जुन्या धाटणीचे आणि आतून रेडियल असे टायरही मिळतात. एक पथ्य मात्र कडक पाळावे : एका अ‍ॅक्सलवर रेडियल आणि तिरक्या थरांचा टायर यांची जोडी कधीही लावू नये.

शेजाऱ्याच्या ड्रॅग रेडियलविषयी फार लिहीत नाही. ते टायर रस्त्यावर चालवणे कायद्याने चालत असले, तरी त्यांचे रबर अतिशय मऊ, खाचा उथळ आणि पाणी बाहेर फेकण्याची क्षमता अगदी जेमतेम असते. मिशिगनमध्ये ऑगस्टच्या दुपारी ढग कधी भरून येतील याचा नेम नसतो. शेजारी शर्यतीच्या धावपट्टीवर जात असेल तर त्याच्यासाठी ते ठीक आहेत, आपल्यासाठी नाहीत.

मुलाचे म्हणणे मला सर्वांत विचार करण्याजोगे वाटते, आणि तो केवळ दिसण्यासाठी म्हणत असला तरी योगायोगाने त्याची बाजू तांत्रिकदृष्ट्या भक्कम आहे. टायर कंपन्यांचे आजचे उत्तम रबर 17 आणि 18 इंची मापांत येते, कारण आजच्या वेगवान गाड्यांची चाके त्या मापांची आहेत. 15 इंचांत मसल कारला शोभतील अशा मापांची निवड फारच थोडी उरली आहे आणि तिच्यातले बहुतेक टायर बारमाही, काहीसे कडक रबराचे आहेत. 18 इंची चाकांवर पुढे 245/45 आणि मागे 275/40 घेतले तर दोन्हींचा व्यास 26.7 इंचांच्या आसपास येतो, म्हणजे मूळ टायरच्या 26.4 इंचांशी चांगला मेळ बसतो, आणि ओल्या-कोरड्या दोन्ही रस्त्यांवर गाडी आता लावलेल्या टायरांपेक्षा खूपच लवकर थांबते.

मग मी तोच सल्ला का देत नाही? पहिले कारण असे, की अशी पकड पेलण्यासाठी गाडीचे बाकीचे अवयवही तरुण असावे लागतात. पन्नास वर्षांहून जुने बॉल जॉइंट, रबरी बुश आणि स्टिअरिंग बॉक्स ज्या बेताच्या पकडीसाठी बनवले होते, तिच्या दीडपट पकड चाकांना दिली की पुढचा कमकुवत दुवा तुटायला लागतो. दुसरे, आपल्या गाडीला चारही ड्रम ब्रेक आहेत. आर/टीचे 11 इंची ड्रम त्या काळच्या मानाने दणकट होते, पण एकामागून एक दोन-तीनदा जोरात थांबल्यावर ते तापतात आणि पाय खाली जाऊ लागतो. तिथे टायर कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग उरत नाही. तिसरे, उंचीने कमी भिंतीचा टायर मिशिगनच्या हिवाळ्याने पाडलेल्या खड्ड्यांत रिमसकट जायबंदी होतो. आणि चौथे कारण निव्वळ माझ्या डोळ्यांचे आहे : 1969 च्या चार्जरच्या लांबरुंद पत्र्याखाली टायरची भरदार काळी भिंत दिसली नाही, तर गाडी उसन्या चपला घातल्यासारखी दिसते. मुलाला हे पटणार नाही. त्याला असे सांगावे, की ज्या वर्षी पुढे डिस्क ब्रेक बसतील आणि पुढच्या बाजूची सगळी जोडणी नव्याने भरली जाईल, त्या वर्षी 17 किंवा 18 इंचांचा विषय पुन्हा काढू. मी हे टाळण्यासाठी म्हणत नाही, तो क्रम खरोखरच योग्य आहे.

सध्यापुरते आपण आहेत तीच 15 × 7 ची चाके ठेवावीत आणि पुढे 235/60आर15, मागे 255/60आर15 असे रेडियल घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही मापे 7 इंची रिमवर नियमाने बसतात. मागच्यासाठी ही रिम अगदी किमान रुंदीची आहे, पण मर्यादेच्या आत आहे. पुढचा टायर 26.1 इंच व्यासाचा, म्हणजे मूळ मापाच्या जवळ, आणि आताच्यापेक्षा 20 मिलिमीटर रुंद होईल. मागचा 27 इंचांचा होईल, त्यामुळे गाडीला पुढे किंचित झुकलेला तो ओळखीचा पवित्राही मिळेल आणि अवाजवी रुंदीही टळेल. भाराच्या बाबतीत काळजी नाही : पुढच्या टायरचा भारांक 98 असतो, म्हणजे प्रत्येकी 750 किलो, आणि मागच्याचा 102, म्हणजे 850 किलो.

आपल्याला कोणी 275/60आर15 सुचवले तर मोह आवरावा. तो टायर या पिढीच्या चार्जरच्या मागच्या कमानीत बसतो, पण त्याला किमान 7.5 इंची रिम लागते, आणि त्याचा व्यास 28 इंच असल्यामुळे गाडीची चालच बदलते. या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, म्हणून मागचा टायर मोठा झाला की काटा कमी वेग दाखवतो. 28 इंची टायरवर काटा 60 मैल दाखवत असताना प्रत्यक्ष वेग साधारण 63.6 असेल, मी सुचवलेल्या 27 इंची टायरवर तो सुमारे 61.5 असेल, आणि एवढा फरक मनात धरून चालवता येतो. नको असेल तर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला स्पीडोमीटरची केबल जिथे शिरते तिथले छोटे प्लास्टिकचे दातेरी चाक बदलून तो दुरुस्तही करता येतो. व्यास वाढल्याचा दुसरा परिणाम जोरावर होतो. आपल्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याचे फेरे) 3.23 असेल, आणि ऑटोमॅटिक आर/टीला बहुधा तेच असे, तर 28 इंची टायर लावल्यावर ते 3.05 असल्यासारखे वागते. सिग्नलवरून उठताना गाडी किंचित जड वाटते. 27 इंचांवर तोच आकडा 3.15 होतो. 440 च्या जोरापुढे हा फरक कोणाला कळणारही नाही, पण रुंद आणि उंच टायर लावून गाडी ‘अधिक दमदार’ झाली असे समजणाऱ्यांना हे गणित सांगून ठेवावे.

या मापांत पांढऱ्या उठावदार अक्षरांचे दोन टायर सहज मिळतात : बीएफगुडरिचचा रेडियल टी/ए आणि कूपरचा कोब्रा रेडियल जी/टी. रेडियल टी/ए हे नाव 1970 पासून चालत आले आहे, त्यामुळे ते आपल्या गाडीच्या वयालाही शोभते. दोन्हींतून एकाचीच निवड करा असे म्हणायला माझ्याजवळ ठोस कारण नाही. ज्याची डीओटी तारीख अधिक ताजी असेल आणि ज्याचे चारही टायर एकाच सुमाराचे मिळतील तो घ्यावा. दुकानदाराला मागणी नोंदवतानाच सांगावे, की सहा महिन्यांपेक्षा जुने टायर मी बसवून घेणार नाही. या मापांची विक्री संथ असते आणि गोदामात दोन-दोन वर्षे पडून राहिलेला माल ‘नवा’ म्हणून येण्याची शक्यता असते. वेगश्रेणीचे अक्षर एस असले, म्हणजे ताशी 180 किलोमीटर किंवा 112 मैल, किंवा टी असले, म्हणजे 190 किलोमीटर, तरी आपल्याला दोन्ही पुरेशी आहेत. गाडीचा वेगदर्शक त्याच्या पुढचे आकडे दाखवतो म्हणून ते गाठून पाहण्याचे बंधन नाही.

टायरच्या कडेला ट्रेडवेअर म्हणून एक आकडा असतो, त्याविषयी एक गोष्ट सहसा कोणी समजावून सांगत नाही. 100 हा आकडा सरकारी चाचणीतल्या प्रमाण टायरचा धरतात आणि 400 म्हणजे त्याच्या चौपट टिकणारा. दुकानदार हा आकडा मोठा असणे हा गुण म्हणून सांगतो, आणि रोज कामावर जाणाऱ्या माणसासाठी तो गुणच आहे. आपण वर्षाला दोन हजार मैल चालवता. आठ वर्षांत सोळा हजार मैल झाले, तोवर टायर वयानेच बाद होणार आणि त्याची निम्मी नक्षी तशीच कचऱ्यात जाणार. जास्त टिकाऊ रबर बहुधा कमी चिकट असते. म्हणजे आपण कधीही न वापरल्या जाणाऱ्या टिकाऊपणासाठी पावसातली पकड गहाण ठेवतो. आदर्श स्थितीत आपल्याला दोनशेच्या आसपासचा आकडा आणि पावसातही विश्वासू असणारा टायर हवा. 15 इंचांत असा टायर शोधणे कठीण आहे, 17 इंचांत सोपे आहे, आणि मुलाच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा हाच. त्याच ओळीत ट्रॅक्शनचे अक्षर असते, त्यात एए सर्वांत वर आणि सी सर्वांत खाली. ती चाचणी ओल्या पृष्ठभागावर सरळ ब्रेक लावून घेतात. वळणावरच्या पकडीचा तिच्याशी संबंध नाही.

टायर विकत घेण्यापूर्वी एक सकाळ मोजमापासाठी द्यावी. उजव्या बाजूला घासते आणि डाव्या बाजूला नाही, याचे आपल्याला आश्चर्य वाटले असेल. या काळातल्या गाड्यांचे सांगाडे आणि अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंना अगदी सारखे क्वचितच बसलेले असतात, अर्ध्या इंचाचा फरक सर्रास सापडतो. गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर भार असताना उभी करावी. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडावा आणि टायरच्या बाहेरच्या भिंतीपासून दोरीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना घ्यावे. मग आतल्या बाजूला लीफ स्प्रिंगच्या पाट्यांपासून टायरपर्यंत किती जागा आहे ते पाहावे. आत आणि बाहेर प्रत्येकी अर्धा इंच, म्हणजे सुमारे 13 मिलिमीटर, मोकळे राहिले पाहिजे, कारण वळणावर टायरची भिंतही झुकते आणि पाटेही कडेला सरकतात. 255 रुंदीचा टायर आजच्या 295 पेक्षा बराच सडपातळ असल्यामुळे घासणे थांबेल अशी माझी अपेक्षा आहे. न थांबल्यास दोष रिमच्या बॅकस्पेसिंगमध्ये असेल. चाक काढून, दर्शनी बाजू खाली करून जमिनीवर ठेवावे, वरच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवावी आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंतचे अंतर मोजावे, तेच बॅकस्पेसिंग. हा आकडा वाढला की चाक पाट्यांकडे सरकते, घटला की मडगार्डकडे. कोणी मडगार्डची कड आतून ठोकून देतो म्हणाले तर मापे हाती येईपर्यंत त्याला थांबवावे. पुढच्या चाकांचे मोजमाप करताना स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत पूर्ण फिरवून पाहावे, आणि एकदा उलट्या गिअरमध्ये ड्राइव्हवेच्या उतारावर ब्रेक लावूनही पाहावे. घासणारे टायर बहुधा तिथे आपले अस्तित्व जाहीर करतात.

नवे टायर लागल्यावर अलाइनमेंट केल्याशिवाय महामार्गावर जाऊ नये, आणि ते करणाऱ्याला 1969 च्या पुस्तकातले आकडे वापरू देऊ नयेत. ते आकडे तिरक्या थरांच्या टायरांसाठी होते. बिनपॉवर स्टिअरिंगच्या गाड्यांना तर स्टिअरिंग हलके राहावे म्हणून कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल, चक्क उणे दिलेला असे. रेडियलला याच्या उलट लागते. आधी टॉर्शन बारच्या (पुढच्या बाजूला स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याच्या) बोल्टने गाडीच्या नाकाची उंची दोन्ही बाजूंना सारखी करावी, आणि मग कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे अर्धा अंश, कॅस्टर अधिक अडीच अंशांपासून जितका मिळेल तितका चार अंशांपर्यंत, आणि टो (चाकांची पुढची टोके किती वळलेली आहेत ते) आतल्या बाजूला एक-सोळांश ते एक-अष्टमांश इंच, असे सांगावे. मूळच्या बुशांनी एवढा कॅस्टर बहुधा मिळत नाही. वरच्या कंट्रोल आर्मसाठी मध्यबिंदू सरकवलेले बुश मिळतात, ते बसवले की मिळतो. आपण ज्याला तरंगणे म्हणता, त्याचा उरलेला भाग या एका दुरुस्तीने जाईल.

हवेच्या दाबाचेही तसेच. त्या काळच्या पुस्तकातला दाब आजच्या रेडियलला कमी पडतो. सकाळी, टायर थंड असताना पुढे 32 आणि मागे 30 पीएसआयपासून सुरुवात करावी. मग पोरांच्या पाटीवरचा साधा खडू घेऊन टायरच्या तळव्यावर आडवी जाड रेघ ओढावी आणि सरळ रस्त्यावर थोडे अंतर चालवावे. रेघ मध्येच पुसली गेली तर हवा जास्त आहे, कडांनाच पुसली तर कमी आहे. संपूर्ण रुंदीला सारखी पुसली जाईपर्यंत एक-दोन पीएसआयने पुढे-मागे करावे. तापमान 10 अंश फॅरनहाइटने उतरले की दाब साधारण एक पीएसआयने उतरतो, म्हणून जुलैत जुळवलेला दाब गणपतीच्या सुमारास आणि पुन्हा ऑक्टोबरात तपासावा. वुडवर्डसाठी मात्र टायरांची चिंता करू नये. 1995 पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी भरणाऱ्या त्या फेरीत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. तिथे टायर केवळ दिसायचे काम करतात, आणि तपासायचे ते रेडिएटर.

डिकीतला स्टेपनी टायरही पाहून घ्यावा. चार नवे टायर घेणारे लोक पाचव्याकडे ढुंकून पाहत नाहीत, आणि मला अशा गाड्यांच्या डिकीत पंचवीस वर्षांचे टायर दिसले आहेत. नोव्हेंबरात गाडी झाकताना टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त भरून ठेवावेत, म्हणजे एकाच जागी दबून तळवा चपटा होत नाही. एप्रिलात ते कमी करायला विसरू नये.

शेवटची सूचना टायर बसवणाऱ्या दुकानासाठी आहे आणि ती आपण तोंडी न सांगता कागदावर लिहून स्टिअरिंगला चिकटवावी. 1970 सालापर्यंतच्या क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये चालकाच्या बाजूच्या, म्हणजे डाव्या चाकांच्या बोल्टना उलटे आटे असतात. त्यांच्या टोकावर बारीकसे एल हे अक्षर कोरलेले असते. तिथले नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सुटतात, उलट फिरवले की आवळतात. ज्या तरुण कारागिराने आयुष्यात असे नट पाहिलेले नाहीत, तो हवेच्या पान्याने ते ‘सोडवायला’ जातो आणि पाचही बोल्ट तोडून ठेवतो. आधीच्या मालकाने बोल्ट बदलून सरळ आट्यांचे बसवलेले असतील तर चिठ्ठीची गरज नाही, पण ते आधी आपण स्वतः पाहावे. बसवून झाल्यावर नट हाताच्या टॉर्क पान्यानेच आवळून घ्यावेत, आणि पन्नासेक मैल चालल्यावर घरी एकदा पुन्हा तपासावेत, डावीकडचे डाव्या रीतीने.

आपला,
सदर लेखक